माघारबाई

बाई वर्गात आल्या की आधी स्वतःची चूक सांगायच्या. हजेरी नाही, 'कसे आहात' नाही. खुर्चीत बसायच्याही आधी, पिशवी खांद्यावरच असताना म्हणायच्या, "गेल्या वेळी मी म्हणाले होते की मुंग्यांचं अख्खं वारूळ हा एकच जीव मानायला हरकत नाही. हरकत आहे. मागे घेते. खोडा." आम्ही खोडायचो. मग त्या बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि काहीतरी नवं सांगायच्या. तेही बहुधा पुढच्या आठवड्यात खोडावं लागायचं.

विद्यापीठात अशी रीत नव्हती. तिथे माणूस एकदा बोलला की ते छापून येतं, छापून आलं की त्यावर चर्चासत्र होतं, आणि चर्चासत्रात जेवण बरं असलं की ते मत पुढची पिढी जाईपर्यंत टिकतं. प्राध्यापक चुकत नाहीत. फार तर त्यांची भूमिका 'विकसित' होते. बाईंची भूमिका विकसित व्हायची नाही. ती चुकायची, आणि त्या ती सर्वांदेखत मागे घ्यायच्या. सांगताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. इतकी वर्षं दर आठवड्याला चूक सांगूनही त्यांना त्याची सवय झाली नव्हती, याचं मला सगळ्यात नवल वाटायचं. ऐटीत चूक कबूल करणारे पुष्कळ पाहिले आहेत. बाई लाजून करायच्या.

आमच्या आधीच्या कुणीतरी त्यांचं नाव माघारबाई पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा सकाळी फोन आला, "शकील, माघारबाई बोलतेय. शनिवारी ये, पण लवकर ये. दुपारी भरती आहे." मी उभ्याउभ्या ओशाळलो. पलीकडे त्या हसतही नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने ते टोपणनाव नव्हतं, कामाचं वर्णन होतं.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो. विषय जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान. हे दोन शब्द एकत्र उच्चारले की ऐकणारा पहिल्यावर खूश होतो आणि दुसऱ्यावर त्याचा चेहरा उतरतो. आमच्या दिघीत एका लग्नात कुवेतहून सुट्टीवर आलेले मामू शेजारी जेवायला बसले होते.

"काय शिकतोस रे आता?"

"बायोलॉजीचं तत्त्वज्ञान, मामू."

"बायोलॉजी! माशाल्ला. दवाखाना कुठं टाकणार? म्हसळ्याला टाक, चालेल."

"दवाखाना नाही. जीव कशाला म्हणायचं, अवयव कशाला म्हणायचं, याचा विचार करायचा."

मामूंनी हाडूक ताटात ठेवलं. "म्हंजे अजून ठरलं न्हाय?"

"नाही."

"मग ते ठरलं की दवाखाना?"

आजूबाजूचे हसले. मिठाई वाढून होण्याच्या आत ही गोष्ट बायकांच्या मांडवात पोहोचली. घरी आल्यावर अम्मी म्हणाली, "नीट सांगता येत न्हाय तर नुसतं कॉलेजात हाय म्हणत जा. चार लोकांत माझी मान खाली जाते." त्यानंतर मी कॉलेजात आहे असंच सांगू लागलो.

बाई किहीमला राहायच्या. नारळाच्या वाडीत मागच्या बाजूला दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे पडवी. आठवड्यातले काही दिवस त्या मांडव्याहून बोटीने मुंबईला जायच्या आणि शनिवारी आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना घरी बोलवायच्या. आम्ही म्हणजे दोघंच, मी आणि जुई. जुई अलिबागची. विषाणूला जिवंत म्हणावं की नाही यावर तिचा प्रबंध चालला होता, आणि करोनाच्या साथीनंतर तिच्या विषयाला घरात मान मिळाला होता. मी फेरीबोटीने दिघीची खाडी ओलांडून आगरदांड्याला, तिथून एसटीने मुरूड, अलिबाग करत चोंढीला उतरायचो. किहीममध्ये शिरलो की दोन्ही बाजूंना शनिवार-रविवारपुरत्या माणसांचे बंगले लागत. बाईंच्या शेजारच्या बंगल्याचं नाव 'निःशब्द' होतं. तिथे सकाळपासून गाणी लागायची. गाणं फार वर चढलं की बाई वाक्य अर्धवट सोडून हात जोडून बसायच्या. "संपू दे. जिवाची व्याख्या इतकी वर्षं थांबली आहे, आणखी एक कडवं थांबेल."

शिकवताना त्यांचा एक नियम होता. न पाहिलेला प्राणी उदाहरणाला घ्यायचा नाही. आमच्या विषयात हा नियम पाळला तर निम्मं वाङ्मय रद्द होईल, कारण तत्त्वज्ञ लोक प्राणी जंगलातून नव्हे, एकमेकांच्या पुस्तकांतून पकडून आणतात. पहिल्याच शनिवारी मी पांडाचं उदाहरण दिलं. बाईंनी पडवीतून खाली वाकून वाडीत पाहिलं.

"कुठे आहे?"

"काय?"

"पांडा."

जुई तोंडावर ओढणी धरून हसली. मी म्हणालो, "पुस्तकात आहे."

"मग त्याला तिथेच राहू दे. सुखी आहे तो. इथे कावळा आहे, खार आहे, चिंबोरी आहे, निःशब्दवाले आहेत. यांच्यावर भागव."

ओहोटी असली की त्या आम्हाला किनाऱ्यावरच्या खडकांकडे न्यायच्या. साडीचा काठ हातात धरून पाण्याच्या डबक्यांवर वाकायच्या आणि बराच वेळ काहीच बोलायच्या नाहीत. मी घड्याळ बघायचो. मला त्या डबक्यांत काय बघायचं हे कळायचं नाही. उलट कुणी ओळखीचं बघेल अशी धास्ती वाटायची. तिशीकडे झुकलेला धडधाकट मुलगा दिवसाउजेडी खेकड्यांकडे टक लावून बसला आहे, हे काही इज्जतीचं दृश्य नाही.

आणि गंमत अशी की बाईंची सगळी कीर्ती, जी काय थोडीफार होती ती, एका खेकड्यावरच उभी होती. खडकांतल्या डबक्यांत एक लहान खेकडा असतो. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात पोट घुसवतो आणि तो शंख घेऊन फिरतो. तरुणपणी लिहिलेल्या प्रबंधात बाईंनी विचारलं होतं की हा शंख म्हणजे खेकड्याचं घर की त्याचं अंग? त्यांचं उत्तर होतं, अंग. का, तर त्याला शंखातून ओढून काढायला जा. तो मधोमध तुटेल, पण शंख सोडणार नाही. जे सोडण्यापेक्षा तुटणं पत्करावं, ते आपलं अंगच. मग ते कुणाच्या शरीरात वाढलं याला महत्त्व नाही. अवयव उसना असू शकतो. या मताला 'उसन्या अवयवाचा युक्तिवाद' असं नाव मिळालं आणि तो परदेशातल्या एका जाड संग्रहात छापून आला. आमचे विभागप्रमुख प्रत्येक समारंभात बाईंची ओळख "आमच्या विभागाचा शंखनाद" अशी करून द्यायचे. बाई अशा वेळी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवरची माहिती वाचत बसायच्या.

माझा प्रबंध याच युक्तिवादावर होता. बाईंनी एक खांब उभा केला होता. मी त्यावर मजले चढवत होतो. कोळ्याचं जाळं, सुगरणीचा खोपा, आंधळ्याची काठी, शेवटच्या प्रकरणात माणसाचा चष्मा. जुई मला शंखोबा म्हणायची. "शंखोबा, खालचा खांब हलला तर रे?" मी म्हणायचो, "बाईंनी सगळं मागे घेतलं आजपर्यंत, हे नाही घेतलं. म्हणजे पक्कं असणार." हा युक्तिवाद मला फार बिनतोड वाटायचा.

एकदा अम्मी डोळे तपासायला अलिबागला आली होती, तेव्हा तिने हट्टाने किहीमला यायचं ठरवलं. बाईंसाठी सांदणं करून आणली होती. पडवीत बसल्यावर ती थोडा वेळ बाईंच्या पुस्तकांकडे बघत राहिली. मग तिने सरळ विचारलं.

"बाई, याचं संपणार कधी? याच्याबरोबरची पोरं कुवेतला जाऊन आली, घरं बांधली. मला लोक विचारतात, पोरगा काय करतो. मला सांगायची शरम वाटते. आता हे तुमच्यासमोर बोलायचीपण शरम वाटते."

मला पडवीतून खाली वाडीत उडी मारावीशी वाटली. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी सांदण हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "या वर्षी संपेल."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

अम्मी परत येताना एसटीत खुशीत होती. "बाई इमानदार हाय," म्हणाली. मलाही बरं वाटलं. माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती, एकदा वाढवूनही घेतली होती. पुन्हा मिळण्याची शक्यता नव्हती.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर बाईंचं माघार घेणं थांबलं. पहिल्या शनिवारी आम्हाला वाटलं, आठवडा चांगला गेला असेल. दुसऱ्या शनिवारीही त्या पडवीत आल्या, बसल्या आणि थेट माझ्या तिसऱ्या प्रकरणाच्या स्वल्पविरामांवर बोलू लागल्या. असंच पुढे चाललं. खडकांकडे जाणंही बंद झालं. "शेवाळ आहे, पाय घसरेल," म्हणायच्या. जुई परतताना म्हणाली, "शंखोबा, बाई चुकायच्या बंद झाल्या. मला भीती वाटते." मी म्हणालो, "चांगलंच आहे. माझी छपाई चालू आहे." मी तेव्हा तळटिपा तपासत होतो. तळटिपा तपासणाऱ्या माणसाला माणसाचा चेहरा दिसत नाही.

प्रबंध मुदतीत गेला आणि यथावकाश तोंडी परीक्षा झाली. ती आता सर्वांसमोर घेतात, त्यामुळे तिला लग्नाची कळा येते. बाहेरचे परीक्षक आले होते. उंच, पांढऱ्या दाढीचे, 'एक छोटासा प्रश्न' असं म्हणून दीर्घ भाषण करणारे. त्यांनी माझ्या चष्म्याच्या प्रकरणाचं कौतुक केलं. मग सौजन्याने बाईंकडे वळून म्हणाले, "मूळ युक्तिवादाच्या जनक इथेच बसल्या आहेत. बाई, इतक्या वर्षांनंतर तुम्ही आजही त्या मतावर ठाम आहात का?"

बाईंनी पाण्याच्या बाटलीवरची नजर वर उचलली. मग म्हणाल्या, "आज उमेदवाराची परीक्षा आहे. माझी नाही."

सभागृह हसलं. परीक्षकांनी हात जोडले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो, बाईंना इतकं चटपटीत उत्तर देता येतं हे मला नवीन होतं. जुई एकटीच हसली नाही. ती बाईंच्या कानांकडे बघत होती.

मी डॉक्टर झालो. अम्मीने मोहल्ल्यात मिठाई वाटली. मामूंनी कुवेतहून फोन करून अभिनंदन केलं आणि जागा बघायला सांगितली.

काही महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. त्यांचा सत्कार विद्यापीठात न करता किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये करायचं प्रमुखांनी ठरवलं. "निसर्गाच्या सान्निध्यात," असं निमंत्रणपत्रिकेवर होतं. पोहण्याच्या तलावाशेजारी मंडप घातला होता. नारळाच्या वाडीत नारळ द्यायचा म्हणून मुंबईहून नारळ आणला होता. शाल होती, आणि लाकडी बैठकीवर बसवलेला पितळेचा शंख होता. मी पहिल्या रांगेत होतो. मांडीवर पेढ्यांचा खोका होता, कारण शिष्योत्तम म्हणून पेढे मी वाटायचे होते. प्रमुख बोलले, मग एक माजी कुलगुरू बोलले, मग शंखावर एक कविता झाली. शेवटी बाई उभ्या राहिल्या. शाल त्यांनी घडी करून खुर्चीवर ठेवली.

"मला एकच गोष्ट सांगायची आहे," त्या म्हणाल्या. "खेकडा तुटेल पण शंख सोडणार नाही, असं मी लिहिलं. ते मी पाहिलेलं नव्हतं. एका जुन्या पुस्तकातून उचललं होतं. त्या लेखकानेही दुसऱ्या पुस्तकातून उचललं असावं. गेल्या पावसाळ्यानंतर मी इथल्याच खडकांवर बसले होते. एक खेकडा चांगला, धड शंख सोडून आपणहून बाहेर आला. शेजारी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण पडलं होतं. त्यात जाऊन बसला. आवडलं नाही, परत शंखात आला. मग पुन्हा झाकणात गेला. दुकानात आपण चपला घालून बघतो, तसा. माझा सगळा युक्तिवाद तो शंख सोडत नाही यावर उभा होता. तो मागे घेते."

मंडपात 'निःशब्द'कडचं गाणं ऐकू येत होतं.

"आणखी एक. हे मला कळून बरेच महिने झाले. आधी सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. एकदा तर विचारलेलं असताना गप्प बसले. त्याची मला लाज वाटते. एवढंच."

त्या बसल्या. त्यांनी कारण सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मंडपातल्या ज्या दहाबारा जणांना बेरीज-वजाबाकी येत होती, ते माझ्याकडे बघत होते. मी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत होतो, ती परत बांधू लागलो.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. कुणी उठेल, काही विचारेल. उठले ते प्रमुख. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि ते खरंच पाणावले होते हे त्यातलं वाईट. "मित्रहो," ते म्हणाले, "याला म्हणतात विनय! ज्या शोधाने जग जिंकलं, तो शोधही ज्ञानदेवतेच्या चरणी अर्पण करायचा! विद्या विनयेन शोभते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी कुलगुरू उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. बाई बसून दोन्ही हात हलवत "नाही, नाही," म्हणत होत्या, आणि त्यांनी जितकं नाही म्हणावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. जन्मभर माघार घेत आलेल्या बाईंची सगळ्यात मोठी माघार कुणी घेऊच दिली नाही. तिचा हार करून त्यांच्याच गळ्यात घातला.

पुढच्या शनिवारी मी किहीमला गेलो. बाई पडवीत सुपारी कातरत होत्या.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू सादर केला असतास?"

मी पायरीवर बसलो.

"नसतास केला. पुन्हा सुरुवातीपासून लिहायला मुदत नव्हती. आणि मी तुझ्या आईला शब्द दिला होता. दोन्हीपैकी एकच पाळता येणार होतं. मला वाटलं, आईचा पाळावा. खेकड्याला काय, घाई नाही." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पण ते सोपं नाही रे. मोठं पोटात ठेवलं की छोटं सांगायला तोंड होत नाही. तुमच्यासमोर बसायची आणि वाटायचं, वारुळाबद्दल काय मागे घेतेस, आधी शंखाचं बोल."

"बाई, चूक माझी पण—"

"तुझी काहीही नाही. तुला ठाऊक नव्हतं. ही माझी लाज आहे, तिच्यात वाटा मागू नकोस. सुपारी घे."

सुपारी घेतली. वाटाही घेतला, तो त्यांना न विचारताच आला होता.

खाडीपलीकडच्या एका कॉलेजात मला नोकरी मिळाली. जाहिरातीत पीएच.डी. अत्यावश्यक होती. दारावर 'डॉ.' लागलं. पाटी लागल्याच्या आठवड्यातच एक शेजारी गुडघा दाखवायला आले, आणि मी समजावून सांगायच्या आत अम्मी आतून म्हणाली, "शेका जरा, कमी होईल." तिची मान आता वर होती. अभ्यासक्रमात, परिशिष्टात का होईना, उसन्या अवयवाचा युक्तिवाद होता. तो मला शिकवावा लागायचा. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत उतरवायची, मी बरोबरची खूण करायचो. 'हे स्वतः लेखिकेने मागे घेतलं आहे' असं मी सांगायचो, पण छापील काही नव्हतं. बाईंनी नियतकालिकांना पाठवलेलं कुणी छापलं नव्हतं. एकाने उत्तर धाडलं की लेखिकेची थोरवी आम्ही जाणतो, परंतु नवीन मुद्दा काय? एक मुलगी म्हणाली, "सर, मग पेपरात काय लिहायचं?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे ते." त्या दिवशी मी फेरीबोटीवर कठड्याशी पाठ फिरवून उभा राहिलो, कुणी 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारू नये म्हणून.

शेवटी मी लिहायला बसलो. स्वतःच्या प्रबंधाविरुद्ध लेख. जाळं, खोपा, काठी, चष्मा, सगळे मजले मी एकेक करून उतरवले. लेख लांबलचक झाला आणि मला वाटलं, चांगला झाला. या मार्चमध्ये तो घेऊन मी किहीमला गेलो. बाई थकल्या होत्या, काठी घेऊन चालायच्या. पण ऐकायला ताठ बसल्या. मी वाचला. वाचून झाल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती.

"खेकडा शंख सोडतो, म्हणून शंख त्याचं अंग नाही," बाई म्हणाल्या. "हाच तुझा मुद्दा ना?"

"हो. तुमचाच."

"पाल शेपूट सोडते. मग शेपूट पालीचं नव्हतं का?"

मी कागद खाली ठेवले.

"सांबराची शिंगं गळतात. तुझे दुधाचे दात पडले, ते काय अम्मीचे होते? सोडण्यावरून काही ठरत नाही, शकील. मी मंडपात घाईने बोलले. तेही चूक."

"मग कशावरून ठरतं?"

"मला वाटतं, दुसऱ्याला लागतं का, म्हणजे बसतं का, यावरून. पालीचं शेपूट दुसऱ्या पालीला लागत नाही. शंख कुठल्याही खेकड्याला लागतो. म्हणून ते घर."

मी थोडा विचार केला. "बाई, माणसाचं मूत्रपिंड दुसऱ्याला लागतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसल्या. "घे. म्हणजे मला अजून कळलेलंच नाही. कदाचित शंख अंग असेलही! आणि मी तो उगाच मागे घेतला!"

"म्हणजे हा लेख?"

"हा पाठवू नकोस. तू मागे घेतोयस, पण चुकीच्या कारणाने. तुला लाज वाटते म्हणून घेतोयस. पानापानावर दिसते. लाज माणसाला लिहायला बसवते, ठीक आहे. पण ती पुरावा नाही. पुन्हा लिही. आणि आधी जाऊन डबक्याशी बस. घड्याळ इथे ठेवून जा."

मी गेलो. बसलो. तो शनिवार आणि नंतरचे बरेच. खेकडे शंखातून निघत, पुन्हा शिरत, एकमेकांचे शंख चाचपत. मी जे बघितलं ते बाईंना येऊन सांगायचो आणि बाई त्यातून माझं म्हणणं पाडायच्या. मग दोघं मिळून त्यांचंही पाडायचो. जून उजाडला, समुद्र खवळला, खडकांकडे जाता येईना. फोनवर बाई म्हणायच्या, "पाऊस संपू दे."

पाऊस संपत आला असताना बाई गेल्या. पडवीतच, दुपारी, झोपेत.

शोकसभा विद्यापीठात झाली. फोटोला हार, समोर उदबत्ती. प्रमुख बोलले. ते म्हणाले, बाई गेल्या, पण शंखनाद राहिला. उसन्या अवयवाचा युक्तिवाद अमर आहे. जुई माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला, म्हणजे मी उठू नये म्हणून की उठावं म्हणून, ते मला कळलं नाही. इतक्यात प्रमुखांनीच माझं नाव घेतलं. "बाईंचे पट्टशिष्य. या विषयावर आता अंतिम शब्द त्यांचाच. दोन शब्द बोलतील."

मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे वळले. युक्तिवाद चूक आहे असं म्हणावं, तर का ते मला माहीत नव्हतं. बरोबर आहे असं म्हणावं, तर तेही माहीत नव्हतं. बाई महान होत्या एवढंच म्हणून बसता आलं असतं. तेवढ्यासाठीच बोलावलं होतं. त्या सभागृहात 'मला माहीत नाही' असं म्हणणारी एकच व्यक्ती होती, आणि तिच्या फोटोसमोर उदबत्ती जळत होती.

"माझं अजून तयार नाही," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

लोकांना वाटलं, मला रडू आवरत नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पाण्याची बाटली मागे दिली. मी ती घेतली आणि तिच्यावरची माहिती वाचत बसलो.